खाडीत गळ टाकताना डॉल्फिन भेटला तर : नागपूरकर नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

कन्हानच्या डोहावर किंवा भंडाऱ्याकडच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर गळ टाकून ज्यांचा हात बसला आहे, अशी नागपुरातली बरीच हौशी मंडळी आता थंडीच्या सुटीत कोकणातल्या खाड्यांकडे वळू लागली आहेत. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे हे ७०१ किलोमीटरचे अंतर सलग कापता येते आणि तेथून रायगडचा किनारा फार लांब राहत नाही. सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेमार्गे मडगावला जाणारी नागपूरची विशेष गाडी आहे. ती रोज नसते, म्हणून तिचे दिवस पाहूनच बेत आखावा.

तलावावर शिकलेल्या माणसाला खाडीत तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलते, काठावरचा चिखल माणसाला गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो, आणि आपण ज्या माशाच्या मागे आहोत त्याच माशाच्या मागे कधी कधी अडीच मीटर लांबीचा दुसरा एक शिकारीही असतो. हा लेख मुख्यत्वे या तिसऱ्या गोष्टीविषयी आहे. पहिल्या दोन गोष्टी समजल्याशिवाय ती समजत नाही, म्हणून त्यांचाही विचार ओघाने येईल.

आधी ओळख

विदर्भातल्या अनेकांच्या मनात डॉल्फिन म्हटले की गंगेतला डॉल्फिन येतो, कारण शाळेत राष्ट्रीय जलचर म्हणून तोच शिकवला जातो. २००९ साली तो मान मिळालेला हा प्राणी गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या प्रवाहांत राहतो; वैनगंगेत किंवा गोदावरीत तो नाही. पुरीच्या सहलीत चिलिका सरोवरावर जो दाखवतात तो इरावती डॉल्फिन, बोथट तोंडाचा आणि वेगळ्या जातीचा. कोकणच्या खाड्यांच्या मुखाशी आपल्याला बहुतेक वेळा भेटतो तो हंपबॅक डॉल्फिन. त्याच्या पाठीवर लांबट उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर लहानसा त्रिकोणी पर असतो, एवढी एकच खूण नवशिक्याने लक्षात ठेवली तरी पुरे. रंग करडा, चोच लांब, पूर्ण वाढलेल्या नराची लांबी अडीच मीटरच्या वर जाऊ शकते. किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याला गादा म्हणतात.

हा डॉल्फिन खोल समुद्राचा नाही. वीस-पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीच्या पाण्यात, किनाऱ्याला लागून, खाड्यांच्या तोंडाशी तो आयुष्य काढतो. माणसाच्या जाळ्यांशी, बंदरांशी, गाळ उपसण्याच्या कामांशी आणि सांडपाण्याशी त्याची गाठ रोज पडते ती यामुळेच, आणि जागतिक पातळीवर त्याची गणना संकटग्रस्त जातींमध्ये होते तीही यामुळेच. खोल समुद्रातल्या डॉल्फिनांना दूर निघून जाण्याची सोय असते. याला तेवढी जागाच नाही.

दुसरा भेटू शकणारा प्राणी म्हणजे पाठीवर पर नसलेला लहान पॉरपॉइझ. तो दीड मीटरच्या आसपास असतो, उड्या मारत नाही, गुळगुळीत काळसर पाठ क्षणभर दाखवून नाहीसा होतो. तिसरा घोटाळा पाणमांजराचा होतो. खारफुटीच्या आतल्या अरुंद वाहाळात, म्हणजे ओहळासारख्या फाट्यात, पाण्यावर फक्त डोके आणि मिशा दिसल्या, तर ते पाणमांजर समजावे, कारण डॉल्फिन डोके बाहेर ठेवून पोहत राहत नाही. आणि शार्कच्या भीतीने जे काठावर पळतात त्यांच्यासाठी एवढेच, की शार्कची शेपटी उभी असते व डावी-उजवीकडे हलते, तर डॉल्फिनची शेपटी आडवी असते व वर-खाली हलते. श्वास घेताना त्याची पाठ कमान करून वर येते ती त्यामुळेच.

निघण्यापूर्वी

हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा चांगला. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि पावसाळ्यात खाड्यांचे पाणी गढूळ व बेभरवशाचे असते, त्यामुळे त्या दिवसांत नवशिक्याने तेथे जाऊच नये. मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात गळ टाकण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी. खाजणात बांध घालून कोळंबी किंवा जिताडा मासा पाळलेला असेल तर ते पाणी कोणाच्या तरी मालकीचे असते. बांधावर बसण्यापूर्वी गावात विचारावे. विचारले म्हणून कोणी हाकलून दिल्याचे मी पाहिलेले नाही, न विचारता बसलेल्यांना मात्र पाहिले आहे.

सामानाबाबत एक सूचना डॉल्फिनशी थेट संबंधित आहे, म्हणून ती सविस्तर देतो. रोहू-कतल्यासाठी आपण जे तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) वापरतो तेच अनेक जण खाडीत नेतात, आणि मोठा मासा लागला की ते तुटते. तुटलेला पन्नास-साठ हात तंगूस पाण्यात राहतो, खारफुटीच्या मुळांना गुंडाळतो, आणि तेथून जाणाऱ्या कासवाच्या, पाणमांजराच्या किंवा डॉल्फिनच्या पिल्लाच्या पराभोवती आवळला जातो. नायलॉन कुजत नाही. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वस्तू ओळखतो हे खरे, पण एवढ्या बारीक धाग्याकडून येणारा प्रतिध्वनी फार क्षीण असतो. तेव्हा खाडीसाठी जाड तंगूस घ्यावा, गळ आणि शिसे यांच्या गाठी घरीच ओढून तपासाव्यात, गळ स्टेनलेस स्टीलचा न घेता साधा, गंजणारा घ्यावा आणि त्याचे उलटे टोक पकडीने दाबून टाकावे. असा गळ माशाच्या तोंडातून लवकर निघतो, आणि दुर्दैवाने दुसऱ्याच कोणात रुतला तरी कालांतराने गंजून झडण्याची शक्यता राहते.

याखेरीज धारदार कात्री किंवा चाकू, तुटके तंगूस साठवायला झाकणाची बाटली, दुर्बीण, पूर्ण चार्ज केलेला भ्रमणध्वनी आणि होडीत बसणार असाल तर प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट. पायात घट्ट बांधलेले कापडी बूट असावेत. रबरी गमबूट चिखलात अडकून राहतात आणि अनवाणी पायाला कालवांच्या कडा कापतात. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता सरकवत न्यावा, म्हणजे वाळूत दबून बसलेले पाखट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला होते. वाशिष्ठी आणि सावित्रीसारख्या नद्यांमध्ये मगरी आहेत, म्हणून त्यांच्या वरच्या अंगाला पाण्यात उभे राहून गळ टाकू नये.

पाणी वाचायला शिकावे

डॉल्फिन केव्हा येईल याचा अंदाज हवा असेल तर भरती-ओहोटी कळली पाहिजे, कारण मासा पाण्याबरोबर फिरतो आणि डॉल्फिन माशाबरोबर. भरतीचे पाणी खारफुटीच्या मुळांमध्ये चढते तेव्हा बोई माशांचे थवे त्याच्याबरोबर आत शिरतात, तेथला चिखल आणि शेवाळ चरतात. ओहोटी लागली की हेच थवे अरुंद वाहाळांतून मुख्य खाडीत उतरतात. वाहाळाचे तोंड ही मग अशी जागा होते, की जेथे गळवाला, पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणारा, बगळा, जिताडा आणि डॉल्फिन या सर्वांना एकाच वेळी जावेसे वाटते.

वेळ काढण्याचा जुना हिशेब नागपूरकरालाही घरच्या दिनदर्शिकेवरून करता येतो. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिला पाऊणने गुणावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. षष्ठी असेल तर सहाला पाऊणने गुणून साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती पूर्ण होईल, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होईल. पौर्णिमेला हाच हिशेब सव्वाअकरा देतो. प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू करावी, पक्ष कोणताही असो. हा हिशेब अंदाजाचा आहे. प्रत्येक बंदराची वेळ थोडी मागे-पुढे असते आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते, म्हणून तासाभराची तफावत धरून चालावे आणि त्या गावातल्या माणसाला विचारून खात्री करून घ्यावी. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात, त्यामुळे आजची वेळ उद्या पाऊण-एक तासाने पुढे सरकलेली असते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. मुंबईकडे त्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. मालवणच्या बाजूला तो याच्या निम्म्याच्या आसपास असतो. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, ओढ कमी असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगाचेच दिवस निवडावेत, असे माझे मत आहे. मासा थोडा कमी लागेल, पण आपण बसलो आहोत ती चिखलाची जीभ बघता बघता बेट होणार नाही.

चाहूल

डॉल्फिन दिसण्याआधी ऐकू येतो. सकाळी वारा पडलेला असताना सायकलच्या ट्यूबमधून एकदम हवा सोडल्यासारखा ‘फूस्’ असा आवाज पाण्यावरून येतो. तो त्याचा उच्छ्वास. त्याआधी किंवा त्याच सुमारास बोया पाण्याबाहेर उड्या मारू लागतात. बोई एरवीही उडते, पण ती एकेकटी आणि वाटेल त्या दिशेला. मागे शिकारी असला की दहा-वीस बोया एकाच दिशेला, बहुधा काठाकडे, एकदम उसळतात. घारी आणि कुरव पक्षी खाली उतरू लागतात. याच वेळी आपल्या गळावरची हालचाल मात्र थंडावते. आमिषाला टोचणारा मासा अचानक गप्प झाला तर आमिष बदलण्याच्या आधी मान वर करून खाडीच्या तोंडाकडे पाहावे.

कर्ली नदी समुद्राला मिळते त्या देवबागच्या बाजूला आम्ही एका लहान होडीतून गळ टाकत होतो. ओहोटी लागून अर्धा-पाऊण तास झाला असेल. होडीवाले काका तोवर गप्प बसून बिडी ओढत होते. त्यांनी बिडी विझवली, पाण्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “गरी वर काडा, गादे इले.” आम्हाला काहीच दिसत नव्हते. दोरा गुंडाळून होईपर्यंत वाहाळाच्या तोंडाशी आधी लांब चोच तिरकी वर आली, मग डोके, मग पाठीवरचा तो उंचवटा, आणि उंचवट्यावरच्या पराच्या मागच्या कडेला एक खाच होती, जुन्या जखमेची असावी. त्याच्या बाजूला फिकट रंगाचे पिल्लू होते. दोघे चिखलाच्या काठाला इतके लागून गेले की त्यांच्या लाटेने काठावरचे खेकडे बिळांत पळाले. सोबतच्या मित्राने विचारले, आता पुन्हा गळ टाकायचा का? काका म्हणाले, “आता हयसर मासो गावाचो नाय,” म्हणजे आता इथे मासा मिळायचा नाही, आणि त्यांनी होडी वल्ह्याने दुसऱ्या काठाला नेली.

काकांनी जे केले तेच या संपूर्ण लेखाचे सार आहे आणि त्यामागची कारणे पुढे क्रमाने देत आहे.

डॉल्फिन आल्यावर : क्रमवार कृती

पहिली गोष्ट, गळ पाण्यातून पूर्ण बाहेर घ्यावा. नुसते थांबणे पुरेसे नाही. डॉल्फिन बुद्धिमान शिकारी आहे. गळाला लागून धडपडणारा मासा त्याला सुट्या माशापेक्षा सोपा वाटतो. एकदा असा मासा ओढून खाल्ला की ही युक्ती त्याच्या लक्षात राहते, त्याचे पाहून पिल्लू शिकते, आणि मग माशाबरोबर एखाद्या दिवशी गळही पोटात जातो किंवा तंगूस चोचीला गुंडाळला जातो. जगात जेथे जेथे हौशी मासेमार आणि डॉल्फिन एकाच पाण्यात आहेत तेथे हा प्रश्न उभा राहिलेला आहे.

दुसरी गोष्ट, गळाला मासा लागलेला असतानाच डॉल्फिन आला तर घाई न करता पण सलगपणे मासा ओढून घ्यावा आणि तो डब्यात ठेवावा. लहान म्हणून परत सोडायचा मासा असेल तर डॉल्फिन निघून जाईपर्यंत तो पाण्याच्या बादलीत ठेवावा. दमलेला मासा डॉल्फिनसमोर सोडणे म्हणजे त्याला हाताने भरवणेच होय.

तिसरी गोष्ट, आमिषाचे उरलेले तुकडे, कोळंबीची टरफले, माशाची आतडी, काहीही पाण्यात टाकू नये. मुद्दाम मासा फेकून डॉल्फिनला जवळ बोलावण्याचा मोह शहरी माणसाला फार होतो, विशेषतः सोबत मुले असली की. येथे कायदाही माहीत असावा. डॉल्फिन हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने त्याला संरक्षण आहे. याच अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारणे आणि पकडणे यांच्याबरोबर हुसकावणे आणि आमिष लावणे यांचाही समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. पेंच किंवा ताडोबात वाघाला कोंबडी दाखवून बोलावण्याचा विचारही नागपूरकराच्या मनात येत नाही. खाडीत तोच नियम लागू आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

चौथी गोष्ट, जागा बदलावी किंवा वाट पाहावी. डॉल्फिन शेवटचा दिसल्यानंतर निदान अर्धा तास त्या ठिकाणी पुन्हा गळ टाकू नये. तो साधारण मिनिटभराच्या अंतराने श्वासाला वर येतो, पण कधी कधी चार-पाच मिनिटे खाली राहतो, त्यामुळे दोन मिनिटे दिसला नाही म्हणजे गेला, असे मानणे बरोबर नाही. हा नियम केवळ दयेचा नाही. डॉल्फिनने पांगवलेला मासा लवकर आमिषाकडे वळत नाही आणि तो अर्धा तास असाही वाया जाणारच असतो. डबा उघडून भाकरी खायला ही उत्तम वेळ आहे.

पाचवी गोष्ट पाण्यात उभे असलेल्यांसाठी. कंबरभर पाण्यात असाल तर सावकाश काठाकडे यावे. डॉल्फिन माणसावर धावून येत नाही, पण दोन-अडीचशे किलोचे जनावर उथळ पाण्यात बोयांच्या मागे वेगाने वळते तेव्हा त्याच्या वाटेत आपण नसावे. त्याच्याकडे पोहत जाणे, स्पर्श करण्याचा प्रयत्न करणे, पाण्यावर हात आपटणे, शिट्ट्या मारणे हे सर्व वर्ज्य.

येथे थोडे विषयाच्या कडेला जातो. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या खाजणांत बाटलीच्या तोंडासारख्या चोचीचे डॉल्फिन बोयांच्या थव्याला लाटेने चिखलाच्या उतारावर ढकलतात आणि स्वतः अर्धे अंग बाहेर काढून तो मासा खातात. आपल्या हंपबॅक डॉल्फिनच्याच जातीचे डॉल्फिन मोझांबिकच्या बाझारुटो बेटांजवळ वाळूच्या काठावर असेच करताना आढळले आहेत. ब्राझीलच्या लागुना गावात तर पाग टाकणारे कोळी आणि डॉल्फिन पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सोबतीने बोया पकडतात. डॉल्फिनने विशिष्ट प्रकारे डोके किंवा शेपटी आपटली की कोळी जाळे फेकतात. हे ऐकून कोणी आचऱ्याच्या खाडीत असा प्रयोग करायला निघू नये. ती सवय एका गावातल्या माणसांनी आणि तेथल्या डॉल्फिनांनी शंभराहून अधिक वर्षे एकमेकांकडून घेतलेली आहे. चार दिवसांच्या पाहुण्याला तिच्यात जागा नाही. चिखलाच्या उतारावर डॉल्फिन अर्धवट बाहेर आलेला दिसला तर तो अडकला आहे असे समजून लगेच मदतीला धावू नये, एवढ्यापुरताच या माहितीचा उपयोग. आधी मिनिटभर पाहावे. शिकार करणारा स्वतःच घसरत परत जातो.

होडीत असाल तर

यंत्र चालू असेल तर वेग कमी करून ते रिकाम्या गियरवर आणावे आणि निदान पन्नास मीटर अंतर राखावे. डॉल्फिन स्वतः होऊन जवळ आला तर हरकत नाही, आपण त्याच्या दिशेने जाऊ नये. त्याच्या वाटेत आडवी होडी घालू नये, मागून पाठलाग करू नये, दोन होड्यांनी दोन बाजूंनी गाठू नये, आणि आई व पिल्लू यांच्या मधे तर कधीही शिरू नये. पिल्लू दर थोड्या वेळाने आईला लागून पोहते व दूध पिते. मधे होडी आली की ती साखळी तुटते. इंजिनाच्या आवाजाने त्याला मासा शोधणेही अवघड होते, कारण त्याचे शोधणे कानावर आहे. दहा-पंधरा मिनिटे पाहून निघावे.

यातले बरेचसे होडीवाल्याच्या हातात असते आणि होडीवाल्याचा हात आपल्या आग्रहावर चालतो. “जवळ घ्या, अजून जवळ घ्या, फोटो येत नाही” असे म्हणणारे गिऱ्हाईक असले की तो बिचारा जवळ घेतो, कारण पुढचे गिऱ्हाईक त्याला हवे असते. तेव्हा होडी ठरवतानाच सांगावे की आम्हाला पाठलाग नको, डॉल्फिन दिसला नाही तरी ठरलेले पैसे देऊ. ही अट ऐकून मान डोलावणारा होडीवाला निवडावा. त्याच्याशी बोलताना एक तारतम्य हवे. डॉल्फिन त्यांची जाळी फाडतात, जाळ्यातला मासा नेतात आणि ते नुकसान त्यांच्या घरात जाणवते. सुटीवर आलेल्या हौशी माणसाने त्यांना वन्यजीवप्रेमाचे धडे देऊ नयेत. राज्यात डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे की जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव जाळे कापून जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत लागते. आपल्या समोर अशी सुटका झाली तर ती नीट चित्रित करून त्या मच्छीमाराला पाठवावी. कोरड्या उपदेशापेक्षा ही मदत त्याच्या उपयोगाची आहे.

गळ किंवा तंगूस डॉल्फिनला अडकला तर

सगळी काळजी घेऊनही असे घडू शकते. त्या क्षणी हातातली काठी झटकन ओढण्याची आपली सवय आड येते, म्हणून आधीच मनाशी ठरवून ठेवावे : ओढायचे नाही. ताण दिला की गळ आणखी खोल रुततो आणि तंगूस कातडीत शिरतो. दोरा सैल सोडावा, यंत्र बंद करावे, आणि डॉल्फिन शांत झाल्यावर तो स्वतः सुटतो का ते पाहावे. सुटला नाही तर होडीवाल्याला पुढे करून, त्याला जमेल तेवढ्या जवळून, शक्य तितका कमी तंगूस प्राण्याच्या अंगावर राहील अशा बेताने कापावा. पाण्यात उडी मारून गळ काढण्याचा प्रयत्न करू नये. घाबरलेल्या डॉल्फिनच्या शेपटीचा फटका हाड मोडू शकतो. किती वाजता, कोठे, अंगाच्या कोणत्या भागाला आणि किती लांब दोरा राहिला हे लिहून ठेवावे आणि वन विभागाला कळवावे. लपवून ठेवल्याने प्राण्याचे हाल वाढतात आणि पुढे त्याला शोधणाऱ्यांना धागादोरा मिळत नाही.

चिखलात किंवा वाळूवर अडकलेला डॉल्फिन

ओहोटीच्या वेळी वाहाळात मागे राहिलेला किंवा आजारी होऊन काठाला लागलेला डॉल्फिन दिसला तर पहिले काम फोन. वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. सागरी पोलिसांची १०९३. राज्याच्या वन विभागाचे मुख्यालय नागपुरातच सिव्हिल लाइन्समध्ये असले तरी किनाऱ्यावरची अशी कामे २०१२ साली स्थापन झालेला कांदळवन कक्ष पाहतो, आणि जागेवर पोहोचतात ते तेथले वनपाल, वनरक्षक व पशुवैद्य. त्यांना जवळची खूण सांगताना “खाडीच्या कडेला” असे मोघम न सांगता गावाचे नाव, वाडी, जेट्टी किंवा पूल सांगावा आणि नकाशावरचे स्थान पाठवावे.

ते येईपर्यंत काय करावे? प्राणी पोटावर पालथा, सरळ राहील असे पाहावे. पाठीच्या बाजूला डोक्यावर श्वासाचे छिद्र असते. त्यात पाणी, वाळू किंवा कापडाचा कोपरा जाता कामा नये. अंगावर ओले सुती कापड टाकावे, छिद्र आणि पर सोडून, आणि त्यावर पाणी शिंपडत राहावे. ऊन असेल तर चादर धरून सावली करावी. पाण्याबाहेर डॉल्फिन लगेच गुदमरत नाही, कारण तो आपल्यासारखाच हवा घेतो. तो मरतो तो तापल्यामुळे आणि स्वतःच्या वजनाखाली दबल्यामुळे. म्हणून बाजूच्या दोन्ही परांखाली वाळूत खळगे करावेत, म्हणजे ते दुमडले जात नाहीत. शेपटीला किंवा पराला धरून ओढू नये, सांधे निखळतात. गर्दी मागे हटवावी, कुत्री बांधायला सांगावे, मोठ्याने बोलू नये. परत पाण्यात ढकलण्याचा निर्णय तज्ज्ञांवर सोडावा, कारण आजारी प्राणी ढकलला तर थोड्याच वेळात पुन्हा दुसऱ्या ठिकाणी लागतो. वाट पाहताना स्वतःच्या पायाखालच्या पाण्याकडेही लक्ष असू द्यावे. भरती कोणासाठी थांबत नाही.

प्राणी मेलेला असेल तर त्याला हात लावू नये, त्यातून माणसाला रोग होऊ शकतो. दात किंवा हाड आठवण म्हणून उचलणे हा गुन्हा आहे. दुरून, बाजूने आणि डोक्याच्या अंगाने छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजमापासाठी काठी ठेवावी, आणि त्याच १९२६ वर कळवावे.

दिवस संपताना

वापरलेला आणि सापडलेला सगळा तंगूस, आपला असो वा दुसऱ्याचा, बाटलीत भरून घरी आणावा. बाजारात मासेवालीकडे टाकाऊ म्हणून देऊ नये, कारण तो फिरून पाण्यातच जातो. बारीक तुकडे करून बंद बाटलीतूनच कचऱ्यात टाकावा. चरखी (दोरा गुंडाळायचे चाक) आणि गळ त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर नागपूरला पोहोचेपर्यंत चरखीला मीठ धरते.

डॉल्फिन दिसला असेल तर तिथी, वेळ, पाणी चढते होते की उतरते, किती होते, पिल्लू होते का आणि पराच्या मागच्या कडेवर खाच किंवा डाग होता का, हे वहीत लिहावे. संशोधक या खाचांवरूनच एकेक डॉल्फिन ओळखतात आणि वर्षानुवर्षे त्याचा माग ठेवतात, त्यामुळे पराचे बाजूने घेतलेले एक स्वच्छ छायाचित्र उडीच्या दहा धूसर छायाचित्रांपेक्षा मोलाचे असते. समाजमाध्यमावर टाकताना मात्र वाहाळाचे नेमके ठिकाण देऊ नये. ते दिले की पुढच्या रविवारी तेथे दहा होड्या उभ्या असतात, आणि ज्या काकांनी आपल्याला गळ वर घ्यायला सांगितले त्यांनाच त्या वाहाळाच्या तोंडाशी पाग टाकायला जागा उरत नाही.